गिगाहर्ट्झ वीस वर्षांत वाढले नाहीत, मग प्रोसेसरमध्ये सुधारणा झाली ती काय?

तुमचा प्रश्न असा: 2002 साली इंटेलचा पेंटियम 4 प्रोसेसर तीन गिगाहर्ट्झला पोचला, आजच्या लॅपटॉपवरही तीन-चारच लिहिलेलं असतं, मग एवढी वर्षं कंपन्यांनी केलं काय? आणि मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी कुठला लॅपटॉप घ्यावा? लॅपटॉपचं शेवटी सांगतो. पहिल्या भागावर मला बोलायचंच आहे, कारण या आकड्यावरून आमच्या घरात जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

आधी माझं मत. प्रोसेसर विकताना ग्राहकाला सगळ्यात जास्त फसवलं असेल तर ते गिगाहर्ट्झच्या आकड्याने. हा आकडा म्हणजे प्रोसेसरचं घड्याळ (क्लॉक) सेकंदाला किती अब्ज ठोके टाकतं ते, एका ठोक्यात काम किती होतं ते नव्हे.

सुरुवातीला तो आकडा बऱ्यापैकी खरं बोलायचा. 1971 चा इंटेल 4004 हा बुसिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनला. त्यात 2,300 ट्रान्झिस्टर (विजेचे बारीक स्विच) होते आणि तो 740 किलोहर्ट्झवर चालायचा. 1981 च्या आयबीएम पीसीतला 8088 होता 4.77 मेगाहर्ट्झचा, 1993 चा पहिला पेंटियम 60 आणि 66 चा. (पेंटियमच्या कामात विनोद धाम होते, जन्म पुण्याचा.) मार्च 2000 मध्ये इंटेलची स्पर्धक एएमडीने एक गिगाहर्ट्झ गाठला, दोनच दिवसांनी इंटेलनेही. या सगळ्या काळात आतली रचनाही सुधारतच होती. इंटेलच्या 486 मध्ये कॅश (हाताशी ठेवलेली जलद मेमरी) आणि गणिताचं युनिट चिपच्या आत आलं, पेंटियम एका ठोक्यात दोन सूचना उरकू लागला. पण जाहिरातीत दिसायचा तो मेगाहर्ट्झ, त्यामुळे सगळं श्रेय त्याला गेलं आणि लोकांच्या डोक्यात तेच बसलं.

आमच्या दाजींच्या डोक्यातही.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर असेंबलिंगचं दुकान होतं. दाजींची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री. 2002 साली त्यांना पॅटर्नची ड्रॉइंग आणि थ्री-डी मॉडेल करायला मशीन हवं होतं. मी एएमडीचा अॅथलॉन एक्सपी 1800+ सुचवला. पैसे कमी, आणि अशा कामात त्याचं गणिताचं युनिट जोरदार. मशीन मी स्वतः बांधलं. ज्यांनी तो प्रोसेसर बसवलाय त्यांना ठाऊक असेल, वर धातूचं झाकण नसायचं. मधोमध उघडी चिप, चार कोपऱ्यांना रबरासारखी चार बटणं, आणि कूलरची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून सॉकेटच्या खाचेत अडकवायची. जोर एका बाजूला पडला की चिपचा कोपरा उडालाच. मी कधी कुणाचा कोपरा उडवला नाही.

मशीन दाजींच्या घरी पोचवलं त्या दिवशी तिथे वास्तुशांत होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. दाजींच्या पुतण्याने माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली. तिथे स्वच्छ लिहिलेलं: 1.53 गिगाहर्ट्झ. दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "डब्यावर अठराशे आणि आत पंधराशे? सख्ख्या दाजीला टोपी घालतोस व्हय रं?"

मी समजावलं की 1800+ हा मॉडेलचा नंबर आहे, 1.53 ला चालूनही तो जास्त गिगाहर्ट्झवाल्यांच्या बरोबरीचं काम करतो. कुणी ऐकेना. दाजींचा स्वतःचा ऊस आहे, म्हणून त्यांच्या भाषेत सांगितलं, "गुऱ्हाळावर घाणा मिनिटाला किती फिरला ते तुम्ही मोजता का? एका फेऱ्यात रस किती निघाला ते बघता ना?" यावर ते हसले, पण मशीन परत पाठवलं आणि पुण्याहून दोन गिगाहर्ट्झचं आणलं. त्यानंतर कितीतरी दिवस बहीण माझ्याशी तुटक बोलायची. दुकानात तर पुढे बराच काळ "काय, अठराशेला पंधराशे देताय काय?" असं गिऱ्हाईक तोंडावर विचारायचं. इमानदारीत धंदा करणाऱ्याला हे किती लागतं ते दुकान चालवणाऱ्यालाच कळेल.

मी ते मशीन विकलं नाही. दाजींच्या ड्राफ्ट्समनने पंपाच्या केसिंगचं एक मॉडेल सीडीवर आणलं, आम्ही तेच दोन्ही मशीनवर रेंडरला (मॉडेलचं चित्र तयार करायला) लावलं. माझं आधी संपलं. ड्राफ्ट्समन दाजींना सांगून आला. दाजी म्हणाले, सेटिंगमध्ये काहीतरी केलं असणार.

आता यामागचं कारण, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पेंटियम 3 ची पाइपलाइन, म्हणजे प्रत्येक सूचना ज्या टप्प्यांतून एकामागून एक पुढे सरकते ती रांग, दहा टप्प्यांची होती. 2000 च्या शेवटी आलेल्या पेंटियम 4 मध्ये ती वीस टप्प्यांची केली. टप्पा छोटा केला की क्लॉक वाढवता येतो, आकडा मोठा दिसतो. पण पुढे कुठल्या सूचना लागणार हा प्रोसेसरचा अंदाज चुकला की भरलेली अख्खी पाइपलाइन रिकामी करून पुन्हा भरायची, आणि ती जितकी लांब तितकं नुकसान मोठं. सुरुवातीचे दीड गिगाहर्ट्झचे पेंटियम 4 काही चाचण्यांत एक गिगाहर्ट्झच्या पेंटियम 3 च्या मागे राहिले ते बरंचसं यामुळेच. 2004 च्या प्रेस्कॉट नावाच्या पेंटियम 4 मध्ये टप्पे एकतीस झाले आणि चिप तापायला लागली. दहा गिगाहर्ट्झची भाषा करणाऱ्या इंटेलने त्याच वर्षी चार गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 रद्द केला. ट्रान्झिस्टर लहान केला की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं, हा रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्ये मांडलेला हिशेब तेव्हा मोडला होता. ट्रान्झिस्टरमधून विजेची गळती वाढली, व्होल्टेज उतरेना, उष्णता बाहेर काढणार कशी? गिगाहर्ट्झ तिथे अडकले आणि पुढे वाढले ते फारच थोडे.

मग इंटेलने काय केलं? इस्रायलच्या टीमने लॅपटॉपसाठी केलेल्या पेंटियम एमची वाट धरली आणि 2006 मध्ये कोअर 2 ड्युओ आणला. त्याचा 2.4 गिगाहर्ट्झवाला साडेतीनच्या वरच्या जुन्यांना मागे टाकत होता. आणि दाजी, हे वाचत असाल तर नीट वाचा: 2004 मध्ये खुद्द इंटेलने प्रोसेसरच्या नावातून गिगाहर्ट्झ काढून मॉडेल नंबर लावायला सुरुवात केली. वास्तुशांतीत ज्याला तुम्ही टोपी म्हणालात, तीच पद्धत.

त्यानंतरची बहुतेक सुधारणा एका ठोक्यातल्या कामात आणि कोअरच्या (एकाच चिपमधल्या स्वतंत्र प्रोसेसरच्या) संख्येत झाली आहे. पहिल्या पेंटियम 4 मध्ये 4.2 कोटी ट्रान्झिस्टर होते, 2020 च्या अॅपल एम1 मध्ये 1,600 कोटी. एम1 चालतो 3.2 गिगाहर्ट्झवर, म्हणजे आकडा जवळजवळ तुमच्या 2002 च्या पेंटियमचाच. पण त्याचा मोठा कोअर एका ठोक्यात आठ सूचना डीकोड करतो (उलगडतो), आणि तो बसवलेल्या मॅकबुक एअरला पंखासुद्धा नव्हता.

एक गोष्ट मान्य करायला हवी. व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या, एसएसई2 (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना) वापरणाऱ्या कामात पेंटियम 4 चांगला होता, आणि 2003 मधला 800 मेगाहर्ट्झ बसवाला (बस म्हणजे प्रोसेसर आणि बाकी मशीनमधला माहितीचा रस्ता) पेंटियम 4 तर अॅथलॉन एक्सपीच्या पुढेच होता. पण दाजींना व्हिडिओ करायचा नव्हता, आणि गोष्ट 2002 ची आहे.

आता लॅपटॉप. गिगाहर्ट्झ बघूच नका. प्रोसेसर कुठल्या पिढीचा आहे ते बघा, कारण सवलतीत बऱ्याचदा जुनी पिढी खपवतात. नावाच्या शेवटी यू असेल तर तो कमी वीज खाणारा, कोडिंगला पुरेसा. मेकॅनिकल किंवा सिव्हिल असेल आणि कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) चालवायचं असेल तर शेवटी एच असलेला घ्या, वजन आणि चार्जर दोन्ही जड होतील ते सोसा. रॅम 16 जीबी. ती बोर्डवर सोल्डर केलेली असते का ते दुकानदाराला घेण्याआधी विचारा, कारण तशी असेल तर नंतर वाढवता येत नाही. शाखा कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत, ते कळलं तर मॉडेलचं नाव सांगता येईल.