साध्या जोडीला पाईड पिल्लू? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझ्याकडे बजीची (बजरीगार, छोटे पोपट) एकच जोडी आहे, नर हिरवा, मादी निळी, दोघंही एकदम प्लेन. यावेळी मटक्यात पाच पिल्लं झाली, तीन हिरवी, एक निळं आणि एक भलतंच, छाती पिवळी, पोट हिरवं आणि पंखांवर काळ्या रेघा जेमतेम. शेजारचे म्हणतात मादी दुसऱ्या नराला लागली असणार, पण माझ्याकडे दुसरा नरच नाहीये. पिल्लू आता आठ महिन्यांचं झालं, नाक अजून गुलाबीच, त्यामुळे नर का मादी तेही कळेना. – एक वाचक, सांगली

उत्तर : मादीला उगाच बदनाम करू नका हो. मला सांगा, हिरव्या नराच्या घरात निळं पिल्लू निघालं तेव्हा शेजारी काही बोलले का? नाही ना, कारण आई निळी होती म्हणून चालून गेलं. पण बजीमधे निळा रंग दबणारा आहे, तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणजे तुमच्या हिरव्या नरानेही निळा रंग पोटात लपवून ठेवलेला होता. तुमचं ते भलतंच पिल्लू पाईड आहे, म्हणजे अंगावर मधेमधे नेहमीचा रंग गायब असलेलं. पाईडचंही अगदी तसंच झालंय, फक्त इथे दोघांनीही लपवलं होतं. याला आपल्यात स्प्लिट म्हणतात, पक्षी दिसायला साधा पण एक जीन पाईडचा. असे दोन स्प्लिट एकत्र आले की प्रत्येक अंड्यामागे चारात एक चान्स पाईडचा, दोन चान्स परत स्प्लिटचे आणि एक अगदी साध्याचा. पाचात एक आलं, म्हणजे जसं व्हायला हवं तसंच झालं.

आता हा रेसेसिव्ह, म्हणजे दबणारा, पाईडच कशावरून, तर अंगावरचे पट्टे नंतर बघा, आधी डोळे बघा. टॉर्च मारू नका, पिल्लू घाबरतं, सकाळी खिडकीच्या उजेडात पिंजरा ठेवा आणि शांतपणे बघा. साध्या बजीला मोठेपणी काळ्या बाहुलीभोवती पांढरी रिंग येते, रेसेसिव्ह पाईडला ती कधीच येत नाही, डोळा काळ्या मण्यासारखा भरलेला राहतो. मात्र दोन महिन्यांच्या पिल्लाचे डोळे बघून काही ठरवू नका, तेव्हा सगळ्यांचेच तसे असतात, रिंग हळूहळू चारेक महिन्यांनंतर दिसायला लागते. तुमचं आठ महिन्यांचं आहे, आता रिंग नसेल तर जवळपास नक्कीच.

आणि त्या गुलाबी नाकाचं उत्तर इथेच आहे. साध्या नराचं नाक वयात आल्यावर निळं होतं, पण रेसेसिव्ह पाईड नराचं जन्मभर गुलाबी-जांभळटच राहतं. मादीचं मात्र वयात आल्यावर तपकिरी होतं, आणि लहानपणी नाकपुड्यांभोवती फिकट पांढरी कड असते. तुमच्या पिल्लाचं नाक सगळीकडे एकसारखं गुलाबी असेल तर नरच समजा. मी स्वतः यात फसलेय, दुकानदाराने गुलाबी नाक दाखवून “लहान बच्चा आहे, मादीच निघेल” म्हणत असाच एक गळ्यात मारला, मी त्याच्यासोबत झकास निळ्या नाकाचा नर ठेवला, दोघं दिवसभर एकमेकांना भरवायचे, डोकं खाजवायचे, मटक्यात मात्र अंडं काही येईना! वर्षभर मी त्यांचा आहारच बदलत बसले होते.

पुढचं महत्त्वाचं. पाईड अजून हवेत म्हणून भावंडांची जोडी लावू नका, सगळेजण हेच करतात आणि मग पिल्लं लहानखुरी, अशक्त निघतात. बाहेरचा साधा पक्षी आणलात तर पहिली पिल्लं सगळी साधी दिसतील, पण आतून स्प्लिट. बाहेरचाच रेसेसिव्ह पाईड मिळाला तर सगळी पाईड. आणि एक करून बघा, तुमच्या जुन्या जोडीच्या डोक्याच्या मागे, मानेच्या वर, पिसं हळूच बाजूला करा, स्प्लिट पक्ष्याला तिथे कधी कधी एखादा पिवळा किंवा पांढरा ठिपका असतो. नसला तरी स्प्लिट नाही असं मात्र नाही.

प्रश्न : माझा नर पाईड आहे, पोटावर पिवळा पट्टा, डोळ्यात रिंग, नाक निळं. मादी साधी. चार पिल्लं झाली, चारही साधी. ती स्प्लिट असतील ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तुमचा नर डॉमिनंट पाईड आहे, ज्याला ऑस्ट्रेलियन पाईड पण म्हणतात. डॉमिनंट जीन लपून बसत नाही, असला की दिसतो, त्यामुळे त्यात स्प्लिट हा प्रकारच नाही. चारही साधी झाली म्हणजे त्याच्यात हा जीन एकच आहे, दोन असते तर सगळी पाईड झाली असती. प्रत्येक अंड्याला अर्धा-अर्धा चान्स, चारही साधी निघायची शक्यता सोळात एक, तुमच्या वाट्याला तीच आली. ज्यांच्याकडे कॉलनी पिंजरा, म्हणजे अनेक जोड्या एकत्र, आहे त्यांनाही हे लागू, दोन साध्या पक्ष्यांना असं पट्ट्याचं, रिंगवालं पिल्लू झालं तर एकतर आईबापापैकी कोणाचं तरी एखादं पांढरं किंवा पिवळं पीस तुमच्या नजरेतून सुटलंय, नाहीतर बाप दुसराच आहे. इथे शेजाऱ्यांचं खरं असू शकतं.

प्रश्न : पूर्ण पांढरा, काळ्या डोळ्यांचा लव्हबर्ड “अल्बिनो” म्हणून जास्त भावाने देतायत. घ्यावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी एक, आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा बजीच असतो, खरा लव्हबर्ड वेगळा पक्षी. दुसरं म्हणजे अल्बिनोचे डोळे लाल असतात, काळे असले तर अल्बिनो नाही, विषय संपला. मोठा पक्षी असेल आणि डोळ्यात रिंग नसेल तर तो डार्क आईड क्लिअर असावा, म्हणजे रेसेसिव्ह पाईडचे दोन जीन आणि वर क्लिअरफ्लाईटचा (उडायची पिसं फिकट करणारा) एक, आणि रिंग असेल तर बहुतेक डबल फॅक्टर स्पँगल, म्हणजे स्पँगल या रंगप्रकाराचे दोन जीन असलेला. पक्षी आवडला तर जरूर घ्या, पण अल्बिनोचा भाव देऊ नका.