वाचकांचे प्रश्न: व्यायामाच्या ॲपचं काय ऐकायचं आणि काय नाही

प्रश्न (वय 21): दादा, जिमला लागून सात महिने झाले. फोनमध्ये पाच ॲप्स आहेत, प्रत्येकाचा प्लॅन वेगळा. तीन आठवडे एक करून बघतो, मग दुसरा. सुरुवातीला वजनं भराभर वाढली, आता बेंच प्रेस 60 किलोच्या पुढे जातच नाही. बॉडीबिल्डिंगसाठी सगळ्यात भारी ॲप कुठलं?

उत्तर: अरे, अडकलोय असं तुला वाटतंय, पण खरंच अडकलायस का हे कळायला सलग नोंद लागते आणि ती तुझ्या पाचही ॲप्समध्ये नाहीये. समजा मागच्या महिन्यात 60 किलोचे एका सेटमध्ये 8 रेप्स निघत होते, म्हणजे न थांबता सलग 8 वेळा उचलत होतास, आणि आज 10 निघाले, तर वजन तेच दिसतं पण ताकद वाढलीय. एपली नावाचं एक सोपं सूत्र आहे, रेप्सना 30 ने भागायचं, त्यात 1 मिळवायचा आणि त्याने वजनाला गुणायचं, म्हणजे एका रेपला जास्तीत जास्त किती उचलशील याचा अंदाज येतो. 8 रेप्सला तो 76 किलो येतो, 10 रेप्सला 80. हा अंदाजच आहे, रेप्स जितके जास्त तितका तो ढिला, पण महिन्याभरात 4 किलोची वाढ तुझ्या नजरेतून सुटली असती ना!

म्हणून प्लॅन देणारं ॲप शोधू नकोस, नोंद ठेवणारं शोध. स्ट्राँग, हेवी, जेफिट ही तिन्ही ॲप्स चांगली आहेत, मागच्या वेळी काय केलं होतं ते समोर दिसतं, दोन सेटमधली विश्रांती मोजणारा रेस्ट टायमर आहे, ग्राफ आहेत. फुकटात काही गोष्टी मर्यादित मिळतात पण नवीन माणसाला तेवढं पुरतं. अँड्रॉइडवर फिटनोट्स आहे, दिसायला अगदी साधं, जाहिराती नाहीत, मला तेच सगळ्यात आवडतं कारण त्यात नोंद करायला वेळच लागत नाही. माझं मत विचारशील तर ॲप निवडताना हीच एक गोष्ट बघ, की सेट संपल्यावर घामेजल्या बोटांनी दहा सेकंदात नोंद होते का. घरी जाऊन आठवून लिहू म्हणशील तर आठवणीत नेहमी दोन रेप्स जास्तच असतात.

प्लॅन हवाच असेल तर स्ट्राँगलिफ्ट्सचा पाच-पाचचा बघ, पाच सेट, पाच रेप्स, मोजकेच मोठे व्यायाम, सगळे रेप्स नीट निघाले की पुढच्या वेळी बहुतेक व्यायामांना 2.5 किलो वाढवायचे. नवीन माणसाला तो छान चालतो, पुढे ही वाढ थांबते आणि ते नॉर्मल आहे. पण कुठलाही घेतलास तरी निदान तीन महिने बदलू नकोस. आणि रेस्ट टायमर खरंच वापर, जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं बस, कारण घाईघाईत उचललेला पुढचा सेट कमीच निघतो आणि आपण म्हणतो ताकद वाढत नाही.

एक कळकळीने सांगतो, बॅकअप घे. माझी दोन वर्षांची नोंद फोन बिघडला तेव्हा गेली, सगळं फोनमध्येच साठवलेलं होतं. त्या दिवशी पोटात खड्डा पडला होता. स्ट्राँग, हेवी, फिटनोट्स या तिन्हींतून नोंदीची फाइल बाहेर काढता येते, महिन्याला एकदा काढून दुसरीकडे ठेव.

प्रश्न (वय 34): माझं घड्याळ रोज व्यायामात 600 कॅलरी जळाल्या म्हणतं, कॅलरीचं ॲप तेवढंच जास्त खायला परवानगी देतं, मी तेवढंच खाते, तरी दोन महिन्यांत वजन हललं नाही. कुठे चुकतंय?

उत्तर: ताई, तुमचं चुकत नाहीये, तो 600 चा आकडाच भरवशाचा नाही. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं 60 जणांवर तपासली, हृदयाचे ठोके बहुतेक यंत्रांनी बरे मोजले पण कॅलरीत सगळ्यात चांगल्या यंत्राचीही चूक सरासरी 27 टक्के निघाली. तेव्हा व्यायामाच्या कॅलरी खाण्याच्या मर्यादेत वाढवून देणारा तो पर्याय कॅलरीच्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बंदच करा.

दुसरी गळती खाण्याच्या नोंदीत असते. मायफिटनेसपाल या कॅलरीच्या ॲपमध्ये पदार्थांचा साठा प्रचंड आहे, पण त्यातलं बरंचसं वापरणाऱ्यांनीच भरलेलं असल्याने एकाच पदार्थाचे चार आकडे दिसतात, शिवाय 2022 मध्ये त्यांनी बारकोड स्कॅन पैशाच्या प्लॅनमध्ये टाकलं. क्रोनोमीटर या दुसऱ्या ॲपमधली माहिती जास्त तपासलेली असते आणि जीवनसत्त्वं, खनिजंही दिसतात, मी तेच सुचवेन. वाटी-चमच्याच्या अंदाजापेक्षा दोन आठवडे छोट्या काट्यावर मोजून बघा, तेल तर नक्कीच, चमच्याचा अंदाज तिथेच सगळ्यात जास्त फसतो. वजन रोज सकाळी करून आठवड्याची सरासरी बघा, एका दिवसाच्या आकड्यावर जीव टाकू नका, पाण्याने आणि मिठाने तो वरखाली होतो.

वजनांचा व्यायाम करत असाल तर कॅलरीच्या खालोखाल प्रोटीनचा आकडा बघा, स्नायूंसाठी दर किलो वजनाला रोज साधारण 1.6 ग्रॅम पुरतात. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टर.

प्रश्न (वय 63): माझी रोज 6000 पावलं होतात, ॲप लाल रंग दाखवतं, 10,000 झाली नाहीत म्हणून. वाईट वाटतं.

उत्तर: काकू, वाईट वाटून घेऊ नका, त्या 10,000 चं मूळ 1965 सालच्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या नावात आहे, मानपो-केई म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, ते विकायला ठेवलेलं नाव होतं, डॉक्टरांनी ठरवलेला आकडा नव्हता. 2019 मध्ये वयस्कर बायकांवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात साधारण 2700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि 7500 च्या आसपास तो फायदा स्थिरावला. तुम्ही ॲपमधलं ध्येय 7000 करा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठ-बस आणि भिंतीवर हात टेकून पुशअप कराच, पायांची ताकद पावलांच्या आकड्यात दिसत नाही.

प्रश्न (वय 27): धावायला सुरुवात करायचीय, आधी कधीच धावले नाही. आणि ॲपवर माझा रस्ता सगळ्यांना दिसतो का?

उत्तर: काउच टू 5के हा नवख्यांना 5 किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा प्लॅन घे, नऊ आठवडे, आठवड्याला तीन दिवस, थोडं धाव-थोडं चाल करत वाढत जातं. 1996 पासून लोक ते करतायत आणि त्याची बरीच ॲप्स आहेत. एखादा आठवडा जड गेला तर तोच परत कर, घाईने पुढच्या आठवड्यावर जाऊ नकोस.

रस्त्याचं विचारलंस ते फार बरं केलंस. स्ट्राव्हा या धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावरून 2018 मध्ये लष्करी तळांच्या आतल्या धावण्याच्या वाटा जगाला दिसल्या होत्या, तर तुझं घर दिसायला काय वेळ लागतो. सेटिंगमध्ये जाऊन धावण्याची सुरुवात आणि शेवट लपव, नोंदी फक्त स्वतःला दिसतील असं ठेव, आणि हे पहिल्या धावण्याच्या आधी कर.