मॅगझीन भरण्याची घाई

प्रश्न : मी 2 वर्षे 10 मीटर एअर पिस्तूल खेळते. आता 25 मीटर स्पोर्ट्स पिस्तूलच्या सरावासाठी महिन्यातून दोनदा छत्रपती संभाजीनगरला जाते. मोबाइलवरच्या चित्रफितींत रिकामे मॅगझीन (पिस्तुलात बसणारी काडतुसांची पेटी) खाली पडते न पडते तोच दुसरे चढलेले असते. मला मात्र मॅगझीन भरायलाच वेळ लागतो, आणि मध्येच एखादे काडतूस अडकते. तसा वेग कसा आणावा?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आपण पाहता त्या चित्रफिती बहुधा प्रॅक्टिकल शूटिंगच्या, म्हणजे फिरत-फिरत वेगाने अनेक लक्ष्ये टिपण्याच्या स्पर्धांच्या असाव्यात. तिथे मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळेने भागतात, म्हणून मॅगझीन बदलतानाचा अर्धा सेकंदही मोलाचा ठरतो. आपल्या प्रकारात 60 गोळ्या पाच-पाचच्या मालिकांत झाडायच्या असतात आणि ‘लोड’ हा आदेश मिळाल्यावर तयारीला 1 मिनिट मिळतो. रॅपिड (जलद) टप्प्यातही लक्ष्य 3 सेकंद समोर येते ते एकाच गोळीसाठी, आणि मालिकेच्या मध्ये मॅगझीन बदलावे लागत नाही. तेव्हा त्या वेगाचा आपल्याला काडीचाही उपयोग नाही.

अडकण्याचे कारण मात्र पुष्कळदा भरण्यातच असते. पॉइंट टू टूच्या (.22), म्हणजे आपल्या पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा भाग) वरचे काडतूस पुढे ढकलू लागताच दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. म्हणून मॅगझीनच्या बाजूचे बटण अंगठ्याने थोडेथोडेच खाली दाबावे, प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवावे आणि त्याची कड खालच्याच्या पुढे आहे हे डोळ्यांनी पाहावे. ही काडतुसे मेणचट असतात. उन्हाळ्यात घामेजल्या हाताने ती बाकावर मोकळी पसरली, की आपल्याकडची बारीक धूळ त्यांना हमखास चिकटते. ती डबीतूनच एकेक उचलावीत.

मॅगझीन ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवून खाली हलकेच ओढून पाहावे. नंतर स्लाइड पूर्ण मागे खेचून सोडून द्यावी. नवखे खेळाडू ती हाताने धरून हळूच पुढे नेतात आणि काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) अर्धवट बसते. या सगळ्यात नळी लक्ष्याकडे आणि बोट चापाबाहेर, हे आपणास एअर पिस्तूलपासूनच ठाऊक असेल.

रिकामे करताना आधी मॅगझीन काढावे, मगच स्लाइड मागे ओढावी आणि चेंबरमध्ये डोकावून पाहावे. क्रम उलटा झाला, तर आतले काडतूस बाहेर पडते, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधले दुसरे आत ढकलते. मग मॅगझीन काढूनही पिस्तूल भरलेलेच राहते.

एवढे करूनही अडथळा येत राहिला, तर मॅगझिनांवर रंगाने क्रमांक घालावेत. दर वेळी एकच क्रमांक अडत असेल, तर त्याच्या वरच्या ओठांना (काडतूस धरून ठेवणाऱ्या कडांना) बाक आला असण्याची शक्यता आहे. ते पकडीने सरळ करण्याच्या फंदात न पडता प्रशिक्षकांना दाखवावे.