'व्हव' म्हणजे विधवा, पण बाटलीवर कशाला?

प्रश्न : शॅम्पेनच्या काही बाटल्यांवर 'व्हव' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ विधवा, हे खरं का? आणि बाटली रोज फिरवतात ती कशासाठी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे. 1804च्या फ्रेंच कायद्यानुसार विवाहितेला व्यापारासाठी नवऱ्याची परवानगी लागे, विधवेला नाही. म्हणून नवरा वारल्यावर बार्ब-निकोल क्लिको 1805मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी त्याच्या शॅम्पेनच्या पेढीच्या मालकीण झाल्या, आणि बाटलीवर 'व्हव क्लिको' हे नाव आलं. पुढे 1858मध्ये लुईझ पोमरी आणि 1941मध्ये लिली बोलँजे यांनीही नवऱ्यामागे कारभार हाती घेतला. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, 'ब्रूट' शॅम्पेन बाजारात रुजवली ती पोमरीबाईंनी, 1874च्या वाइनपासून.

आता बाटलीचं. फेस येण्यासाठी बाटलीत लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात. यीस्ट मेलं की गाळ उरतो. क्लिकोबाईंच्या तळघरात 1816च्या सुमारास भोकं पाडलेल्या टेबलात बाटल्या उलट्या खोचून गाळ बुचाकडे आणायची युक्ती निघाली. हाताने करायचं तर बाटली रोज अष्टमांश फिरवायची आणि मान खालीच ठेवून हळूहळू उभी करत न्यायची. सहा-आठ आठवडे लागतात. घाई केली, धक्का बसला, की हलका गाळ ढगासारखा वर उठतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी मान उणे 25 अंशांच्या आसपासच्या द्रावणात बुडवायची. गाळाचा बर्फ होतो आणि झाकण काढताच आतल्या दाबाने तो उडून जातो. बाटली आधी नीट गार केलेली नसेल तर मात्र गाळाबरोबर बरीच वाइनही जमिनीवर!