उन्हाळ्यात सायकल सुरू करण्याआधी स्वतःची आणि सायकलची काय तयारी करावी?

काही महिने पडून असलेली सायकल आता उन्हाळ्यात रोज तासभर चालवायची, तर सायकलचं काय काय बघून घ्यावं आणि स्वतः काय काळजी घ्यावी, असा तुमचा प्रश्न आहे. मी आधी तुमच्याबद्दल लिहितो, कारण सायकल एका दुपारी तयार होते, अंगाला मात्र दोन आठवडे लागतात.

उन्हाची सवय होते म्हणजे शरीरात खरोखर बदल घडतात. रोज थोडा वेळ उष्णतेत घाम येईल एवढी मेहनत केली, की 10 ते 14 दिवसांत रक्तातला द्रवाचा भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून मीठ कमी जातं. त्यामुळे पहिल्याच दिवशी तासभर नको. कोवळ्या उन्हात वीस-पंचवीस मिनिटं, हलक्या गिअरवर, आणि मग हळूहळू वाढवत न्या. मध्ये मोठा खंड पडला तर ही सवय मोडते, मग पुन्हा थोड्यापासून सुरुवात करा.

किती पाणी प्यावं याचा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही, घाम प्रत्येकाचा वेगळा. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी कमी पडलं. उलट वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, आणि तेही वाईटच, कारण नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. फेरी तासाच्या पुढे गेली आणि घाम भरपूर येत असेल तर ओआरएस घ्या. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच ते कालवा. लहान बाटलीत अख्खं पाकीट रिकामं करू नका.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सायकल पळत असते तोवर वाऱ्याने घाम वाळतो आणि ऊन तितकंसं जाणवत नाही. खरा उकाडा चढावर, वेग कमी झाला की गाठतो. हवा दमट असेल तर घाम वाळतच नाही, नुसता निथळतो, अंग थंड होत नाही. अशा दिवशी तापमान कमी दिसलं तरी वेग आवरा. कपडे सैलसर, पातळ, पूर्ण बाह्यांचे बरे. सनस्क्रीन मानेवर मागच्या बाजूला, कानांवर आणि हातांच्या पाठीवर लावायला लोक विसरतात.

आता सायकल. उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी भरा, हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. 25 अंशांना 60 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरलेली हवा 45 अंशांना जेमतेम 65 होते. टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्याच्या थोडं खाली राहिलात तर एवढी वाढ सहज खपते. हवा कमी असली तर मात्र खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून पंक्चर होते. फुटायची भीती जुन्या रबराची असते. टायर अंगठ्याने दाबून बाजूला भेगा दिसतात का बघा, दिसल्या तर बदलाच. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट, म्हणजे बारीक छिद्रं आपोआप बुजवणारा द्रव, वाळलेलं असू शकतं, तेही तपासा.

चेनला तेल घालण्याआधी ती पुसून स्वच्छ करा. जुन्या तेलात धूळ बसली की ती पॉलिश पेपरसारखी चेन झिजवते. एकेका कडीवर एक थेंब पुरे, आणि वरचं जास्तीचं तेल फडक्याने टिपून घ्या. नव्या चेनच्या 12 जोड-कड्या (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोड) बरोबर 12 इंच भरतात. हे माप 1/16 इंचाने वाढलं असेल तर चेन बदला. 1/8 पर्यंत थांबलात तर मागची दातेरी चक्रंही बहुधा बदलावी लागतील. ब्रेक शू चकचकीत, कडक झाले असतील तर बदला. घामातलं मीठ हँडलच्या बोल्टांना गंज चढवतं, म्हणून परतल्यावर ओल्या फडक्याने पुसा.

वाटेत डोकं दुखू लागलं, मळमळलं, गरगरलं तर लगेच उतरा, सावलीत बसा, अंगावर पाणी घ्या. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत त्याच्या अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा.