वाढवण: 1998 ला नकार, 2023 ला होकार

प्रश्न असा आहे की किनारा तोच, कायदा तोच, मग पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्याच्या ज्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं 1998 मध्ये तिथलं वाढवण बंदर नाकारलं त्यानंच 31 जुलै 2023 ला ना-हरकत कशी दिली? ‘पैसा’ म्हणून मोकळं होता येतं. पण पैसेवाली परदेशी कंपनी 1998 लाही होतीच, आणि ती हात हलवत परत गेली.

मला विचाराल तर खुर्ची बघा. 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेनं डहाणूत लाल वर्गातले, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे उद्योग बंद केले. पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये हे प्राधिकरण आलं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, ते 2019 मध्ये जाईपर्यंत. दरम्यान सरकारं आली नि गेली, पण मंत्रालयातून फोन करून बदली करावी असा हा माणूस नव्हता. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारं संयंत्र बसवायला याच प्राधिकरणानं लावलं, तेही वर्षानुवर्षं मागं लागून.

आणि ‘कायदा तोच’ हेही अर्धंच खरं. 2020 मध्ये बंदरं लाल वर्गातून बाहेर काढली गेली. मूळ अधिसूचनेला हातही न लावता, नुसत्या कार्यालयीन पत्रांनी! म्हणजे समुद्रात 1448 हेक्टर भराव घालणारं बंदर कागदावर ‘उद्योग’च उरलं नाही. याच खडकाळ पट्ट्यात शेवंड, म्हणजे लॉबस्टर, धरून घरं चालतात. धाकटी डहाणू, वरोरच्या मच्छीमारांना हे वर्गीकरण कुणी विचारून केलं नव्हतं. 2024 मध्ये उच्च न्यायालयानंही ना-हरकत कायम ठेवली. अटी आहेत, भरपूर आहेत. त्या पाळल्या जातात का हे बघणारा किती स्वतंत्र आहे, माझं सगळं लक्ष तिथं.

बाकी किनाऱ्यावर तर असं प्राधिकरणही नाही. राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाचं अध्यक्षपद पर्यावरण खात्याच्या सचिवांकडे, म्हणजे सरकारचा प्रकल्प सरकारचाच अधिकारी तपासणार. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते आणि तिच्यात स्थानिक पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी हवेत, असं सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचनाच सांगते. तुमच्या जिल्ह्यात ते तिघं कोण, माहीत आहे? नसेल तर माहिती अधिकारात नावं आणि मागच्या बैठकांची इतिवृत्तं मागा.