आधी १९३०, मग विचारपूस

जळगाव, धुळे, नंदुरबार. गावाचं नाव बदलतं, फोनवरच्या फसवणुकीचे, घराच्या आणि रस्त्यावरच्या सुरक्षेचे प्रश्न तेच येतात. म्हणून या वेळी एकत्र उत्तरं. वरचा १९३० म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार घेणारी सरकारी हेल्पलाइन.

जुना ट्रॅक्टर विकायची जाहिरात टाकली. गिऱ्हाईक म्हणतं, क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, बयाणा जमा होईल. टाकू का? (शिरपूर)

नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. तो नंबर ब्लॉक करा.

‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, व्हिडिओ कॉल बंद केला तर अटक’ अशी धमकी वडिलांना आली. ते सकाळपासून खोलीबाहेर येत नाहीत. (अमळनेर)

‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार कायद्यात नाही. आत जा, कॉल कापा, वडिलांजवळ बसा. पैसे गेले असतील तर हा मजकूर पुढे वाचण्याआधी १९३० लावा.

गावच्या ग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाची फाईल आली. उघडल्यावर ॲप बसलं, मग दिसेनासं झालं. परवा खात्यातून ४८ हजार गेले. मुलगा म्हणतो, फोन फॉरमॅट मारून टाकू. (रावेर)

फॉरमॅट आज मारू नका. पुरावा त्याच फोनमध्ये आहे.

फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ (.apk) असेल तर ती यादी नव्हे, कागद नव्हे, अख्खं ॲप असतं. ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’, ‘वीजबिल’ अशी नावं बदलतात, आतला माल तोच. बसताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ची. पहिलीमुळे बँकेचा ओटीपी भामट्याकडे जातो, दुसरीमुळे तो तुमच्या स्क्रीनवरची बटणं लांबून दाबू शकतो. पुढे ॲप स्वतःचं चिन्ह लपवतं आणि तुमच्याच व्हॉट्सॲपवरून तीच फाईल भाऊबंदांना धाडतं. म्हणून ‘पाठवणारा ओळखीचा होता’ या सबबीला इथे अर्थ नाही. पीएम किसानची ई-केवायसी योजनेच्या संकेतस्थळावर किंवा सीएससी केंद्रात होते. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलची गरज कधीच नसते.

आता क्रम ऐका. फोन विमान मोडवर टाका, वाय-फायही बंद. दुसऱ्याच्या फोनवरून १९३०. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवा. लगेच बँकेला फोन करून यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची असली तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेवर येतं, म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. त्याच फोनवरून बदललात तर नवा पासवर्डही भामट्याला मिळेल. मग फोन घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. त्यांनी बघून झाल्यावरच फॅक्टरी रीसेट, म्हणजे फॉरमॅट, करा. बॅकअप फक्त फोटो आणि नंबरांचा, ॲपचा नको. शेवटी *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना ते बघा. वळवलेले असतील तर ##००२# लावा. हे वळवणं कंपनीच्या नेटवर्कवर असतं, फोन पुसून जात नाही.

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकतो तो ‘परवा’ हा शब्द. चोरलेली रक्कम पहिल्या खात्यात मुक्काम करत नाही. ती चार खात्यांत फुटते आणि एटीएममधून निघते. १९३० वर नोंद झाली की वाटेतल्या बँकांना ती अडवण्याचा संदेश जातो, पण अडवायला ती खात्यात असावी लागते. पारावर विचारण्यात, भाच्याला दाखवण्यात, सोमवारी बँक उघडण्याची वाट बघण्यात पैसा हातचा जातो. तरीही आजच फोन करा, काही उरलं असेल तर अडेल. आणि ‘पाच हजार भरा, गेलेली रक्कम काढून देतो’ म्हणणारा एजंट आता येईलच. तोही भामटाच.

झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर आधार पाठवलं तर धोका आहे का? फाईलला पासवर्ड आहे. (चोपडा)

तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. अख्ख्या गल्लीला माहीत असतो. फाईल दुकानाच्या कॉम्प्युटरवर पडून राहते, म्हणून प्रिंट निघाली की समोर उभं राहून डिलीट करून घ्या, रीसायकल बिनमधूनही. शक्य तिथे शेवटचे चार अंकच दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. अंगठा देऊन पैसे काढत नसाल तर यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करा. मात्र रेशन दुकानात अंगठा लावण्याआधी तात्पुरतं उघडावं लागतं, नाहीतर मशीन नाकारतं आणि दोष दुकानदाराला जातो. मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रात जा.

घराला कॅमेरे बसवले. बसवणारा म्हणतो, पासवर्ड माझ्याकडे राहू द्या, सर्व्हिसला सोपं. (धुळे)

सोपं त्याला. घराच्या आतलं चित्र परक्याच्या मोबाइलवर उघडं राहतं. खातं तुमच्या नंबरवर उघडायला लावा, डीव्हीआरचा (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीचा) मूळ पासवर्ड स्वतः बदला, ‘शेअर्ड युजर’च्या यादीतून त्याचं नाव काढा. झोपायच्या खोलीत कॅमेरा नको, शेजाऱ्याच्या दारावर रोखलेलाही नको.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी जाताना घर बंद असतं. स्टेटस ठेवलं तर काय बिघडतं? (पारोळा)

घर रिकामं असल्याची दवंडी होते, ताई. फोटो परत आल्यावर टाका. दाराला लोंबतं कुलूप लावण्यापेक्षा इंटरलॉक बसवा, पेपर-दूध बंद करा, दागिने लॉकरमध्ये ठेवा.

धुळे-जळगाव रस्त्यावर रात्री काचेवर अंडी फेकून लुटतात, वायपर लावू नका, असा मेसेज फिरतोय. (एरंडोल)

हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. काचेवर काही आलंच तर अंधारात थांबू नका. वेग कमी करा, दारं लॉक ठेवा, उजेडातल्या पंपावर किंवा टोलनाक्यावर जाऊन काच पुसा आणि ११२ लावा.

या रस्त्यावर अंड्यांपेक्षा धोका आहे तो मागचे दिवे नसलेल्या, कडेला उभ्या ट्रॉलीचा. समोरून दिवे येत असताना ती दिसत नाही, म्हणून वेग तुमच्या दिव्याच्या टप्प्यात थांबता येईल इतकाच ठेवा. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा. स्वतःची गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर चालू करा, धोक्याचा चमकता त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवा, सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा आणि १०३३ वर महामार्गाच्या मदतीला फोन करा. ट्रॉली तुमचीच असेल तर मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी आजच चिकटवा. कुठली आणि किती, ते आरटीओत विचारून घ्या.